खाणीआधीचा बाजार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



खाण हा शब्द उच्चारला की समाजवादी कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. खोल उतरणारा पाळणा, धुळीने माखलेला मजूर, त्याच्या छातीत वर्षानुवर्षे साचत जाणारी सिलिका, वर कचेरीत बसलेला मालक आणि फाटकाशी उभी असलेली युनियन. हे चित्र खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कारण खाण अस्तित्वात येण्यापूर्वी, आणि पुष्कळदा ती कधीच अस्तित्वात येणार नसताना, तिच्या नावावर एक बाजार भरतो आणि उठूनही जातो. त्या बाजारात खनिज नसते आणि मजूरही नसतो. जमिनीत पाडलेली चार-दोन भोके असतात आणि त्या भोकांतून काय निघाले याच्या वार्तेची प्रतीक्षा असते. वार्ता हाती येईपर्यंत हजारो माणसांचा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो. आजच्या विवेचनाचा विषय हा खाणीआधीचा बाजार आहे.

हा खेळ कॅनडा-ऑस्ट्रेलियातील सटोडियांचा. त्याचे आपल्याला काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, २०१५ पासून आपल्या देशातील रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली असून तीतून परदेशी शेअरही घेता येतात. दुसरे अधिक महत्त्वाचे. २०२३ साली खाणविषयक कायद्यात दुरुस्ती करून केंद्र सरकारने २९ खनिजांसाठी 'शोध परवाना' नावाची नवी तरतूद आणली, आणि छोट्या खासगी शोध-कंपन्यांना या क्षेत्रात ओढून आणणे हा तिचा उघड हेतू आहे. जी व्यवस्था आपण आयात करू पाहतो, तिचा तिच्या माहेरचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम या धंद्याची रचना समजून घेऊ. मोठ्या खाण कंपनीजवळ चालत्या खाणी असतात, विक्री असते, नफा असतो. छोट्या शोध-कंपनीजवळ यांतले काहीच नसते. तिकडच्या व्यवहारात तिला 'ज्युनियर' म्हणतात. एखाद्या भूभागावरील शोधाचे हक्क, एक-दोन भूशास्त्रज्ञ, संचालक मंडळ आणि बाजारात नोंदलेला शेअर, एवढीच तिची मत्ता. शेकडो मीटर खोल विंधन करावयाचे तर यंत्र, पाणी, डिझेल, दुर्गम भागात हेलिकॉप्टरसुद्धा लागते. हा खर्च भागवावयाचा एकच मार्ग तिला ठाऊक असतो; नवे शेअर काढणे आणि विकणे. प्रत्येक नव्या विक्रीबरोबर जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होत जातो. म्हणून पैसा उभा करण्याच्या वेळी शेअरचा भाव चढता असावा लागतो, आणि भाव चढता राहावा म्हणून आशा जागती ठेवावी लागते. कारखानदार कापड विकतो, साखर विकतो. या कंपनीला विकण्याजोगी वस्तू एकच आहे आणि ती म्हणजे स्वतःचा शेअर.

आता विंधनाकडे वळू. हिऱ्याची कणी बसविलेला पोकळ दात खडकात फिरवीत नेला की आतून खडकाचा लांब दंडगोल वर येतो. त्याला गाभा म्हणतात. हे गाभे लाकडी पेट्यांत क्रमाने मांडून ठेवतात. भूशास्त्रज्ञ ते डोळ्यांनी तपासतो, मग ते उभे चिरून एक भाग प्रयोगशाळेत पाठवितात आणि दुसरा पडताळणीसाठी राखतात. प्रयोगशाळा कस काढते. टनामागे सोने किती ग्रॅम, तांबे किंवा निकेल शेकडा किती. या कामाला कित्येक आठवडे लागतात. तांब्या-जस्ताची खनिजे गाभ्यात पुष्कळदा नुसत्या नजरेला दिसतात. सोने बहुधा दिसत नाही. म्हणजे या आठवड्यांत यंत्रावरच्या माणसाला थोडे ठाऊक असते, भूशास्त्रज्ञाला त्याहून अधिक, संचालकांना तेवढेच. ज्याचा पैसा त्या भोकात गेला आहे त्या भागधारकाला मात्र काहीच ठाऊक नसते. आणि तरीही बाजार एक दिवस बंद राहत नाही. शेअर रोज विकले जातात, रोज घेतले जातात. अज्ञानाचा हा काळ म्हणजे या बाजाराचा खरा सुगीचा हंगाम होय.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातील ओंटारिओ प्रांताचे आहे. टिमिन्स नावाच्या खाणगावाजवळ टेक्सास गल्फ सल्फर या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर १९६३ मध्ये एक भोक पाडले. गाभ्यात तांबे आणि जस्त इतके विपुल होते की, ते डोळ्यांनीच कळले. कंपनीने विंधन थांबविले, तोंडे बंद ठेवली आणि आसपासच्या जमिनीचे हक्क गुपचूप घ्यावयास आरंभ केला. दरम्यान तिच्या काही अधिकाऱ्यांनी आणि त्यांनी कानात सांगितलेल्या मंडळींनी शेअर खरेदी केले. अफवा पसरू लागल्या तेव्हा १२ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने पत्रक काढून त्या अतिरंजित असल्याचे सांगितले. चारच दिवसांनी, १६ एप्रिलला, निदान अडीच कोटी टन खनिज सापडल्याची घोषणा तिनेच केली. बाराव्या तारखेच्या पत्रकावर विश्वास ठेवून ज्यांनी शेअर विकले असतील त्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करता येईल. या प्रकरणी अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९६८ साली दिलेला निर्णय आतल्या गोटातील माहितीवर व्यवहार करण्याच्या प्रश्नात आजही पायाभूत मानला जातो. तेथे खनिज खरे होते. वार्ता मात्र आधी काहींना मिळाली आणि नंतर सर्वांना.

या शोधाने टिमिन्सच्या परिसरात जो ज्वर चढला, त्यात त्याच वर्षीच्या जुलैमध्ये विंडफॉल नावाच्या छोट्या कंपनीचे प्रकरण घडले. कंपनी एका नामांकित खनिजशोधक दांपत्याच्या ताब्यात होती. त्यांतील व्हायोला मॅकमिलन या बाई तर देशातील खनिजशोधकांच्या संघटनेच्या १९४४ पासून अध्यक्षा होत्या. जुलैच्या आरंभी विंधन सुरू झाले, सुमारे ५३० फुटांवर थांबविण्यात आले आणि गाभे तेथून हलविण्यात आले. यंत्र का थांबले, हे कोणी सांगेना. काहीतरी सापडले असलेच पाहिजे, असा अर्थ बाजाराने काढला. सुमारे ५६ सेंटांचा शेअर पाहता पाहता साडेपाच डॉलरांच्या वर गेला. शेअरबाजाराच्या अधिकाऱ्यांनी आणि सरकारच्या खाण खात्याने विचारणा केली, तेव्हा मोघम उत्तरे मिळाली. गाभ्याचा कस काढून घ्यावयास काही दिवस पुरले असते. परंतु तीन-साडेतीन आठवडे बाजार मौनावर चालला. ३० जुलै रोजी कंपनीने जाहीर केले की, गाभ्यात व्यापारी उपयोगाचे काही नाही. दुसऱ्या दिवशी शेअर एका डॉलरच्या खाली होता.

ओंटारिओ सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने १९६५ साली अहवाल दिला, आणि त्यातून पुढे प्रांताचा रोखेविषयक कायदा कडक झाला. मॅकमिलन बाईंना १९६७ साली शिक्षा झाली, ती दुसऱ्याच एका कंपनीच्या शेअरमध्ये स्वतःच विकून स्वतःच घेण्याच्या बनावट व्यवहारांबद्दल. विंडफॉलच्या बाबतीतील फसवणुकीच्या आरोपातून पतिपत्नी दोघेही निर्दोष सुटली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कायद्याला खोटे बोलणारा पकडता येतो. गप्प बसणाऱ्याला पकडणे फार अवघड. आणि या बाजारात कित्येक वेळा मौनाइतकी परिणामकारक जाहिरात दुसरी नसते.

खनिज खरे निघाले आणि वार्ताही वेळेवर जाहीर झाली तर सामान्य भागधारकाचे भले होते काय? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील पोसायडन कंपनीच्या कथेत आहे. व्हिएतनामचे युद्ध चालू असल्याने निकेलला मागणी होती, आणि १९६९ साली कॅनडातील सडबरी येथे इंको कंपनीच्या कामगारांचा दीर्घ संप झाल्याने पुरवठा आटला होता. अशा वेळी पश्चिम ऑस्ट्रेलियातील विंडारा येथे पोसायडनला निकेल लागले. सप्टेंबर १९६९ च्या आरंभी एका डॉलरच्याही खाली असलेला तिचा शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरवर पोहोचला. पाच महिन्यांत तीनशे पटींहून अधिक! त्या वाऱ्यावर ज्यांच्याजवळ निकेलचा कणही नव्हता अशा अनेक कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर हातोहात खपले. टास्मिनेक्स नावाच्या कंपनीच्या अध्यक्षांनी वृत्तपत्राला दिलेल्या एका उत्साही मुलाखतीवर तिचा भाव काही दिवसांत सुमारे तीन डॉलरवरून लंडनच्या बाजारात नव्वदच्या वर गेला. निकेल निघालेच नाही.

पोसायडनचे निकेल मात्र खरे होते. खाण प्रत्यक्ष सुरू व्हावयास १९७४ साल उजाडले. तोवर निकेलचा भाव उतरला होता, खनिजाचा कस अपेक्षेपेक्षा कमी भरला आणि खर्च वाढला होता. १९७६ साली कंपनी धनकोंनी नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती गेली. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने १९७० साली नेमलेल्या समितीने १९७४ मध्ये दिलेल्या अहवालात या काळातील शेअरबाजाराच्या गैरव्यवहारांचा पाढा वाचला आणि राष्ट्रीय पातळीवर नियमनाची गरज प्रतिपादन केली. ज्याने एका डॉलरला घेऊन दोनशेला विकले तो श्रीमंत झाला. ज्याने दोनशेला घेऊन खाणीवर विश्वास ठेवला तो बुडाला. विश्वासाला दंड आणि पळ काढण्याला बक्षीस, असा या बाजाराचा न्याय आहे.

तिसरे प्रकरण सर्वांना ऐकून ठाऊक असेल. कॅल्गरीच्या ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतान प्रांतातील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचे सांगावयास आरंभ केला. दर काही महिन्यांनी आकडा वाढे. फेब्रुवारी १९९७ मध्ये तो सात कोटी दहा लाख औंसांवर गेला. कंपनीचे बाजारमूल्य भर चढतीच्या काळात सुमारे सहाशे कोटी कॅनेडियन डॉलर होते. गाभ्याचा एक भाग पडताळणीसाठी राखण्याची रीत येथे मोडली होती. संपूर्ण गाभा चुरून प्रयोगशाळेत जात होता. हे दिसत असूनही दलालांच्या पेढ्यांतील विश्लेषकांनी शिफारशी चालूच ठेवल्या. सुहार्तो राजवटीने आपला वाटा मागितला. फेब्रुवारी १९९७ च्या वाटपात सरकारला १० टक्के, राष्ट्राध्यक्षांचे निकटवर्ती उद्योगपती बॉब हसन यांच्या कंपन्यांना ३० टक्के, अमेरिकेच्या फ्रीपोर्टला १५ टक्के आणि ब्रे-एक्सला ४५ टक्के असे ठरले. ज्या सोन्याची वाटणी एवढ्या चुरशीने चालली होती ते अस्तित्वातच नव्हते! मार्चमध्ये कंपनीचा तेथील प्रमुख भूशास्त्रज्ञ हेलिकॉप्टरमधून पडून मरण पावला. २६ मार्चला फ्रीपोर्टच्या स्वतंत्र विंधनात सोने नगण्य असल्याचे जाहीर झाले आणि मे महिन्याच्या आरंभी स्वतंत्र तज्ज्ञांच्या अहवालाने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले गेल्याचे सिद्ध केले.

यात बुडालेल्यांमध्ये छोट्या गावांतील सामान्य माणसे होती, तद्वतच ओंटारिओतील शिक्षकांचा आणि नगरपालिका कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधीही होता. ज्या शिक्षकाने आयुष्यात कधी शेअर घेतला नाही त्याच्याही म्हातारपणची पुंजी त्या भोकात पडली, आणि ती पडताना त्याला कोणी विचारलेही नाही. कंपनीच्या मुख्य भूशास्त्रज्ञाने १९९६ साली कोट्यवधी डॉलरांचे शेअर विकले होते. २००७ साली तो न्यायालयातून निर्दोष सुटला. शेवटी या प्रकरणात एकाही माणसाला तुरुंगवास झाला नाही.

तीन प्रकरणांत तीन परींच्या वार्ता आहेत. एकीत वार्ता दाबली गेली, एकीत ती खरी होती, एकीत बनावट होती. सामान्य भागधारकाचा शेवट मात्र तिन्हींत बराचसा सारखाच झाला. त्यावरून एक निष्कर्ष निघतो. हा दोष चार लबाड माणसांच्या अंगी असता, तर लबाड हुडकून भागले असते. दोष रचनेत आहे. जेथे माहिती पायरीपायरीने खाली उतरते आणि प्रत्येक पायरीवरील माणसाला खालच्याला शेअर विकण्याची मोकळीक असते, तेथे शेवटच्या पायरीवर माहितीऐवजी शेअरचा कागद तेवढा पोहोचतो.

अर्थशास्त्राला हे नवे नाही. सोन्या-चांदीच्या नव्या खाणींचा शोध ही जगातील सर्वांत तोट्याची सोडत होय, अशा आशयाचे विवेचन ॲडम स्मिथने १७७६ सालीच करून ठेवले आहे. केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात उद्यम आणि सट्टा यांत भेद केला. मालमत्तेपासून तिच्या आयुष्यभरात काय मिळेल याचा अंदाज बांधणे हा उद्यम. उद्या बाजाराचे मन कसे वळेल याचा अंदाज बांधणे हा सट्टा. शोध-कंपनीच्या शेअरमध्ये हा भेद टोकाला जातो, कारण तेथे मालमत्ताच अज्ञात असते. घेणारा माणूस जमिनीखाली काय आहे याचा विचार करीत नाही. वार्ता आल्यावर दुसरे लोक काय देतील याचा विचार करतो. जुना जाणता सटोडिया तर वार्ता येण्याच्या आदल्या दिवशीच विकून मोकळा होतो. आशेचा भाव वस्तुस्थितीच्या भावापेक्षा बहुधा चढा असतो, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

मग नवखा माणूस तरी या फंदात का पडतो? त्याला लोभी म्हणून हिणविणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या कारकुनाला वा कामगाराला ठाऊक आहे की, तीस वर्षे राबूनही पगारातून घर होणार नाही, त्याला बचतीवरील सहा-सात टक्के व्याजात काही आशा दिसत नाही. शंभराचे दहा हजार होण्याची एक फट त्याला दिसते. निकालाची वाट पाहण्याच्या त्या चार आठवड्यांत त्याला प्रथमच वाटते की, आपल्याही आयुष्यात काही घडू शकेल. या बाजारात विकली जाते ती ही भावना. समाजात चढण्याच्या सरळ वाटा जेवढ्या बंद होतील तेवढे तिचे गिऱ्हाईक वाढेल. म्हणून सट्ट्यावर नुसती नीतिपाठांची मात्रा चालत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते असे की, जोखीम पत्करणारे भांडवल नसेल तर नवी खनिजे सापडणारच नाहीत. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती सावधपणे चाललेल्या वाटेनेच चालतात. यात तथ्य आहे. कॅनडाच्या लॅब्राडॉरमधील व्हॉइझीज बे येथील निकेलचा मोठा साठा दोन खनिजशोधकांना १९९३ साली आढळला, तेव्हा त्यांना काम देणारी छोटी कंपनी हिरे शोधत होती. इंकोने १९९६ साली तो साठा सुमारे ४३० कोटी कॅनेडियन डॉलरांना घेतला. अशी उदाहरणे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट घडली. त्या भूमीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या इन्नू आणि इन्युइट लोकांचे हक्क ठरावयाच्या आधीच शेअरबाजाराने त्या टेकडीची किंमत ठरविली. त्या लोकांनी विरोध केला, करारमदार व्हावयास २००२ साल उजाडले आणि उत्पादन २००५ मध्ये सुरू झाले. ज्यांच्या पायाखाली खनिज होते त्यांच्याशी बोलणे व्हावयास, बाजारातील सौदा आटोपल्यानंतर सहा वर्षे लागली.

सुधारणाही झाल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली खनिजसाठे कसे जाहीर करावेत याची संहिता केली. ब्रे-एक्सनंतर कॅनडाने २००१ मध्ये नियम आणला की, तांत्रिक माहितीची जबाबदारी पात्रताधारक तज्ज्ञाने आपल्या नावानिशी घेतली पाहिजे. या सुधारणांचे मोल आहे. त्यांनी बनावट गाभ्याला पायबंद घातला. आशेच्या व्यापाराला मात्र घातला नाही. आजही दहा भोकांतील एका चांगल्या भोकाचा आकडा पत्रकाच्या मथळ्यात आणि उरलेल्या नवांचा तळाच्या तक्त्यात, ही रीत नियमांत बसवून पाळता येते. अर्ध्या मीटरच्या समृद्ध पट्ट्याची सरासरी वीस मीटरवर पसरून तो सगळाच खडक समृद्ध भासविता येतो. प्रत्येक सुधारणा कोणाचे तरी पैसे बुडाल्यानंतर झाली, हेही लक्षात घ्यावे.

भारताला हा अनुभव अगदी परका नाही. १८७९ ते १८८२ या काळात मलबारातील वायनाड भागात सोने असल्याच्या वार्तांवर लंडनमध्ये कंपन्यांचे पेवच फुटले होते. ऑस्ट्रेलियातून आणविलेल्या ब्रो स्मिथ या तज्ज्ञाच्या १८८० च्या अहवालाने त्या उत्साहाला हातभार लावला. यंत्रे आली, बंगले उठले, सोने मात्र नाममात्र निघाले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक कंपन्या गुंडाळल्या गेल्या. त्याच लाटेत १८८० साली निघालेली म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीही बुडण्याच्या बेतात होती. उरल्यासुरल्या पैशांत आणखी खोल खणले तेव्हा कोलारची ती सुप्रसिद्ध शीर हाती लागली. लंडनच्या भागधारकांनी पुढे दशकानुदशके लाभांश घेतला. तेथे राबलेले हजारो, बहुतांशी तमिळ दलित, मजूर पिचलेल्या फुप्फुसांचे धनी झाले. २००१ साली खाण बंद झाल्यावर त्यांच्या वारसांच्या वाट्याला विषारी मातीचे ढिगारे आले. खाण लागली तर लाभ कोणाचा, हेही कोलारने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर या देशाने वेगळा मार्ग धरला. १८५१ पासूनचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते होतेच. १९४८ साली खाण ब्यूरो स्थापन झाला, ज्याचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि १९७२ साली नागपुरातच सार्वजनिक क्षेत्रातील खनिज समन्वेषण महामंडळ उभे राहिले. या मार्गात एक गुण होता आणि तो पुरेसा ओळखला गेला नाही. कोरड्या भोकाचे मोल खासगी आणि सार्वजनिक शोधात अगदी भिन्न असते. शेअरवर जगणाऱ्या कंपनीला कोरडे भोक म्हणजे संकट. ते लपवावे, सौम्य शब्दांत गुंडाळावे किंवा नव्या भोकाच्या घोषणेने झाकावे लागते. सार्वजनिक संस्थेला तेच कोरडे भोक म्हणजे ज्ञान. येथे खनिज नाही, हे एकदा नोंदले गेले की पुढच्या पिढीला तेथे पुन्हा पैसा पुरावा लागत नाही. शोधातील बहुसंख्य भोके कोरडीच निघतात. तेव्हा ज्या व्यवस्थेत बहुसंख्य निष्कर्ष लपविण्याजोगे ठरतात, तिला शोधाची व्यवस्था तरी कसे म्हणावे?

सार्वजनिक मार्ग निर्दोष होता असे मात्र नव्हे. काम संथ चालले, अहवाल कपाटांत पडून राहिले आणि वार्तेचा मोह सरकारलाही सुटला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमचा 'अनुमानित' साठा असल्याचे जाहीर झाले. 'अनुमानित' ही अगदी प्राथमिक पायरी आहे आणि तो आकडा खनिजयुक्त खडकाचा होता, शुद्ध धातूचा नव्हे. परंतु वृत्तपत्रांतून देश लिथियमसंपन्न झाल्याच्या आरोळ्या उठल्या. पुढे त्या पट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. आकडा कोणीही सांगो, कस किती आणि पायरी कोणती, हे विचारण्याची सवय नागरिकाला लागली पाहिजे.

आता २०२३ च्या कायद्याने शोध परवाना घेणाऱ्याला पुढील लिलावातून येणाऱ्या रकमेत हिस्सा देऊ केला आहे. परवानाधारक कंपन्या उद्या भांडवलासाठी शेअरबाजारात उतरतील, हे उघड आहे. त्या वेळी आपल्या कार्यकर्त्यांनी नुसते खासगीकरणविरोधी पत्रक काढून भागणार नाही. नेमक्या मागण्या कराव्या लागतील. पाडलेल्या प्रत्येक भोकाची नोंद, कोरड्यासह, ठरावीक मुदतीत सार्वजनिक व्हावी आणि गाभे सरकारी संग्रहात राहावेत. गाभा वर आल्यापासून कस जाहीर होईपर्यंत संचालक, तज्ज्ञ, ठेकेदार आणि त्यांच्या नातलगांना त्या शेअरमध्ये व्यवहार करण्यास बंदी असावी. भाव अकारण चढू लागला तर कंपनीने तत्काळ खुलासा करावा, अन्यथा व्यवहार थांबवावेत. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा एक पैसाही अशा कंपन्यांत जाऊ नये.

आणि एक मागणी सर्वांत आधीची. विंधनाचे यंत्र कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी जंगलात उभे राहते. ते प्रथम पाहतो गडचिरोलीचा वा बस्तरचा आदिवासी. आणि त्याच्या जमिनीखाली काय सापडले हे कळणाऱ्यांच्या रांगेत तो सर्वांत शेवटी असतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनाधिकार कायदा यांनी ग्रामसभेला जे स्थान दिले आहे त्याचा अर्थ एवढा तरी असला पाहिजे की, विंधनाचा निकाल शेअरबाजाराला कळेल त्याच दिवशी तो ग्रामसभेलाही तिच्या भाषेत सांगितला जावा. भूगर्भातील खनिज ही राष्ट्राची संपत्ती आहे असे आपण म्हणतो. मग त्या संपत्तीविषयीची माहिती काही मोजक्या माणसांची खासगी संपत्ती कशी असू शकते, हा प्रश्न प्रत्येक सभेत, प्रत्येक जनसुनावणीत विचारला गेला पाहिजे. खाण नंतर येईल किंवा येणारही नाही. हा प्रश्न तिच्या आधी पोहोचला पाहिजे.